शीतकंटेनरची मालकी कोणाची?

विदर्भातील शेतकऱ्याने आता निर्यातीकडे वळावे, हा उपदेश गेली काही वर्षे अव्याहत चालू आहे. मंत्री तो करतात, कृषी विभागाचे अधिकारी करतात, बँकांचे व्यवस्थापक करतात, आणि ज्यांनी जन्मात कधी वांग्याचे रोप लावले नाही असे अर्थतज्ज्ञही करतात. जगाची बाजारपेठ खुली आहे, तंत्रज्ञान हाताशी आहे. माल शीतकंटेनरमध्ये भरावा, तो समुद्रमार्गे रॉटरडॅमला किंवा दुबईला न्यावा आणि डॉलर मोजून घ्यावेत, असे चित्र रंगविले जाते. या चित्रात एकच गोष्ट कधी दाखविली जात नाही. त्या कंटेनरचा, त्यातील थंडीचा आणि तो वाहून नेणाऱ्या जहाजाचा मालक कोण, आणि वाटेत माल नासला तर त्याची किंमत कोणी मोजायची?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत नाकाडोंगरी हे गाव आहे. त्याच्या आसमंतात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६ साली या व्यवसायात उतरलेल्या ब्रिटिश भांडवलाने मध्य प्रांतातील मँगनीज जगाच्या पोलाद कारखान्यांपर्यंत पोहोचविले. पुढे १९६२ साली मॉयल ही कंपनी स्थापन झाली आणि १९७७ साली ती पूर्णतः सरकारी मालकीची झाली. डोंगरी बुजुर्गचा दगड शुष्क बॅटऱ्यांच्या उद्योगात आजही वापरला जातो. या दगडासाठी रेल्वे आली. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारा फाटा या भागातील खाणींच्या आधाराने उभा राहिला. दगडाला घाई नसते. तो यार्डात महिनाभर पडून राहिला तरी त्याचे वजन घटत नाही, वास सुटत नाही. तरीही त्याच्या दारात रूळ आला.

त्याच परिसरातील शेतकऱ्याची वांगी, मिरची, टोमॅटो आणि धिवराने तलावातून काढलेले रोहू-कटला हे मात्र तासांच्या हिशेबाने जगतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा पहाटे काढलेली मासळी बर्फाविना दुपार पाहत नाही. बर्फ नसेल तर मासळी सकाळीच विकावी लागते, आणि सकाळीच विकावी लागते हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. भाव तेथेच ठरतो. भाजीची गोष्ट निराळी नाही. नागपूरच्या कळमना बाजारात गाडी पोहोचल्यावर परतीचे भाडे खिशात नसलेला शेतकरी अडतीने सांगितलेल्या भावाला मान डोलावतो. ज्याच्याजवळ थांबण्याची शक्ती नाही त्याच्याजवळ सौदा करण्याची शक्ती नाही, हा बाजारपेठेचा पहिला नियम आहे; पाठ्यपुस्तकांतील मागणी-पुरवठ्याच्या रेघा त्याच्यानंतर येतात.

शीतसाखळीचे खरे अर्थशास्त्र येथून सुरू होते. थंडी माल ताजा ठेवते हे अर्धेच सत्य झाले. थंडी वेळ विकत घेते, आणि ज्याच्या हाती वेळ त्याच्या हाती भाव. फळ तोडल्यानंतरही श्वास घेत असते. तापमान उतरविले की तो श्वास मंदावतो आणि फळाचे आयुष्य लांबते. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास ठेवावे लागते, केळी १३-१४ अंशांखाली नेली तर काळवंडतात, गोठविलेली कोळंबी उणे १८ अंशांवर राहिली पाहिजे. वांग्याला १० अंशांखालची थंडी बाधते. म्हणजे बटाट्याचे शीतगृह बांधून त्याची फीत कापली की भाजीवाल्याचा प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी वांगी तरी विचारात घेतलेली नसतात किंवा शीतगृह तरी. प्रत्येक मालाची थंडी वेगळी, आणि प्रत्येक थंडीला यंत्र, वीज आणि भांडवल लागते. हे भांडवल ज्याचे, त्याचा तो वेळ.

महाराष्ट्रात या मार्गावर सर्वांत पुढे गेला तो नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार. त्याचा अनुभव नाकाडोंगरीच्या शेतकऱ्यास सांगणे हे निर्यातीचा उपदेश करणाऱ्यांचे पहिले कर्तव्य होते. सकाळच्या गारव्यात घड काढायचे, पॅकहाऊसमध्ये विरळणी करून भरायचे, पेटीत गंधकाच्या वायूचा कागद ठेवायचा, काही तासांत प्रीकूलिंग करून तापमान चार अंशांखाली आणायचे, मग रीफर कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे. तेथून सुएझमार्गे रॉटरडॅम सुमारे तीन-साडेतीन आठवड्यांवर. हे सगळे कौशल्य या शेतकऱ्याने आत्मसात केले. अडाणीपणाचा आरोप त्याच्यावर कोणी करू शकत नाही. २०२३-२४ साली देशातून तीन लाख टनांहून अधिक द्राक्षे परदेशी गेली आणि त्यांत सिंहाचा वाटा महाराष्ट्राचा होता.

परंतु २०१० साली काय घडले? वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळला. येथील तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला घेऊन निघालेले कंटेनर परदेशी बंदरांत अडकले. माल पोहोचला होता, भाडे लागले होते, शीतकरणाचा खर्च दिवसागणिक चढत होता, आणि भाव मात्र कोसळला होता. यादी ज्यांनी केली त्यांच्या पगारातून एक पैसा कापला गेला नाही. कर्जबाजारी झाला तो बागायतदार.

पुढे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. गाझातील संहाराचे पडसाद एडनच्या आखातात उमटले आणि जहाजांच्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडे कित्येक पटींनी वाढले. तो द्राक्षांचा हंगाम होता. निफाडच्या शेतकऱ्याचा बाब-अल-मंदबशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध हाच की वाढलेले भाडे शेवटी त्याच्या भावातून वजा होते. ज्या व्यवहारात परदेशी विक्री झाल्यावर भाडे, विमा, बंदराचे आकार, शीतगृहाचे शुल्क आणि दलाली कापून उरेल ते शेतकऱ्याचे, असा हिशेब असतो त्यात प्रत्येकाचा दर ठरलेला असतो. अनिश्चित असते ते केवळ उत्पादकाचे उत्पन्न. धोका सर्वांत कमी पेलू शकणाऱ्याच्या डोक्यावर सर्वांत मोठा धोका ठेवण्याची ही व्यवस्था आहे. तिला उद्यमशीलता म्हणतात.

विमा आहे ना, असे उत्तर तत्काळ मिळते. सागरी मालविम्याच्या जगभर रूढ असलेल्या कलमांत दोन अपवाद स्पष्ट लिहिलेले असतात. विलंबामुळे झालेले नुकसान, मग तो विलंब विमा उतरविलेल्या धोक्यामुळे झालेला का असेना, भरून दिले जात नाही. आणि मालाच्या अंगभूत दोषामुळे झालेले नुकसानही नाही. नाशवंत मालाचे नुकसान प्रामुख्याने विलंबानेच होते. म्हणजे छत्री आहे, पण पावसात उघडायची नाही. यंत्र बंद पडल्याची जोखीम जादा हप्ता भरून काही प्रमाणात उतरविता येते, हे मान्य. परंतु उशिराचे काय?

जहाजकंपनीच्या जबाबदारीचा कायदा तर अधिक बोलका आहे. भारतात १९२५ सालचा समुद्रमार्गे मालवाहतुकीचा कायदा शंभर वर्षे चालला. त्याच्या जोडीला असलेल्या नियमांत वाहकाला जबाबदारीतून सोडविणाऱ्या कारणांची लांबलचक यादी होती: जहाज चालविण्यातील कप्तानाची चूक, समुद्राचे संकट, युद्ध, संप, आणि मालाचा अंगभूत दोष. २०२५ साली संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला, तेव्हा वसाहतवादी कायदा गेल्याचा गजर झाला. पण वाहकाच्या सवलतींची चौकट कायम राहिली. द्राक्ष नासते हा द्राक्षाचा दोष, अशी ही न्यायबुद्धी आहे. वाहकाची चूक सिद्ध करावयाची तर कंटेनरमधील तापमानाच्या नोंदी लागतात, आणि तो कंटेनर वाहकाच्या ताब्यात असतो. पिंपळगावचा शेतकरी मार्सेय किंवा जिनिव्हातील कंपनीविरुद्ध कोणत्या न्यायालयात उभा राहणार?

या कंपन्या किती आहेत? जगातील कंटेनर वाहतुकीच्या क्षमतेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पहिल्या दहा कंपन्यांच्या हाती आहे. मुक्त स्पर्धेचे स्तोत्र गाणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. भारताची स्वतःची सार्वजनिक कंपनी, शिपिंग कॉर्पोरेशन, १९६१ साली स्थापन झाली होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या परदेशी व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. आज हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आहे. हे घसरत असताना २०१९ साली केंद्र सरकारने शिपिंग कॉर्पोरेशनच विकण्यास तत्त्वतः मान्यता दिली. शेतकऱ्याला समुद्रात उतरण्याचा सल्ला आणि देशाच्या जहाजांना लिलावाची वाट, हे दोन्ही निर्णय एकाच राजधानीत झाले.

थंडीच्या मालकीतून सत्ता कशी जन्मते याचा इतिहास जुना आहे. १८३३ साली बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी गोठलेल्या तळ्यांतील बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास आणला, तेव्हा तो साहेबांच्या पेल्यासाठी होता. १८८२ साली ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार गोठविलेली मेंढरे घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. लंडनच्या कामगाराला स्वस्त मांस मिळाले आणि न्यूझीलंडच्या मेंढपाळाला बाजार. याच यंत्राच्या बळावर १८९९ साली अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. जमीन तिची, रेल्वे तिची, बंदर तिचे आणि केळी वाहणारी पांढरी जहाजेही तिचीच. १९२८ साली कोलंबियातील तिच्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. ग्वाटेमालात अर्बेन्झ सरकारने १९५२ साली कंपनीच्या पडीक जमिनीला हात लावला, आणि १९५४ साली ते सरकार अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या साहाय्याने उलथविण्यात आले. केळे हे निरुपद्रवी फळ आहे. ते तेरा अंशांवर ठेवून समुद्र ओलांडण्याचे साधन ज्याच्या मुठीत असते त्याच्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावरही हे नाट्य घडलेले आहे. १९५३ साली कोचीहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली, पुढे यांत्रिक ट्रॉलर आले, आणि कोळंबीच्या डॉलरसाठी समुद्राचा तळ खरवडला जाऊ लागला. पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात येणारी बाजाराची मासळी घटली. त्यानंतर किनाऱ्यावरील शेततळ्यांची लाट आली. शेते खारी झाली, गोडे पाणी आटले, आणि अखेर ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रातील कोळंबी प्रकल्पांविरुद्ध निर्णय द्यावा लागला. २०२३-२४ साली भारताने ६० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची मासळी व सागरी उत्पादने निर्यात केली. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश वाटा एकट्या गोठविलेल्या कोळंबीचा, आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले तेव्हा आंध्रच्या तळ्याकाठी भाव पडले. एका माणसाच्या लहरीवर एका किनाऱ्याचे पोट अवलंबून राहावे, याला बाजारपेठेचे वैविध्य म्हणत नाहीत.

लहर केवळ परकीयांचीच असते असेही नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीने कांद्याची निर्यात एका आदेशाने बंद केली. ती ४ मे २०२४ रोजी उठविली ती ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पूर्णपणे जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे समाजवाद्यांना अमान्य नाही. पण त्या स्वस्ताईचा खर्च सरकारी तिजोरीने उचलावयाचा की लासलगावच्या उत्पादकाने? नागपुरी संत्र्याची कथा शेजाऱ्याच्या दारातील आहे. बांगलादेशाने २०१९ साली किलोमागे २० टका असलेले आयातशुल्क २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेले आणि विदर्भातील संत्रा बागेतच पडून राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये समुद्रमार्गे दुबईला गेलेल्या नागपुरी संत्र्यांच्या कंटेनरची छायाचित्रे मात्र वर्तमानपत्रांत झळकली होती. एक कंटेनर रवाना करताना मंत्री, अधिकारी आणि हार-तुरे असतात. बागेत संत्री सडताना कोणी नसते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. ज्या बंदरातून हे रीफर कंटेनर निघतात ते बंदर उरणच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभे आहे. १९८४ सालच्या १६ आणि १७ जानेवारीला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उठलेल्या या शेतकऱ्यांवर जासई-दास्तान आणि नवघर-पागोटे येथे गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्यांच्या रक्ताने मिळाले. न्हावा-शेवा हे नाव निर्यातीच्या अहवालांत शेकडो वेळा येते. ही पाच माणसे त्यांत एकदाही येत नाहीत.

याचा अर्थ निर्यात पाप आहे, असा काढणारे काही मित्र डाव्या चळवळीत आहेत. परदेशी जाणारा प्रत्येक घड म्हणजे साम्राज्यशाहीला वाहिलेला नैवेद्य, अशी त्यांची भूमिका असते. ती आळशी भूमिका आहे. शेतकऱ्याला अधिक भाव देणारे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे असेल तर त्याने तेथे विकू नये असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, विशेषतः ठरलेल्या तारखेला निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांना तर नाहीच. प्रश्न निर्यातीचा नसून साधनांच्या मालकीचा आणि धोक्याच्या वाटणीचा आहे. १९९१ साली महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. आरंभीच्या वर्षांत तिचा माल नाकारला गेला, तोटा झाला. तरी प्रीकूलिंग आणि साठवण संस्थांच्या मालकीची असल्यामुळे शिकण्याचे श्रेय आणि साधन दोन्ही शेतकऱ्याच्या घरात राहिले. न्यूझीलंडमध्येही पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले तेव्हा १९२२ साली कायद्याने मांस उत्पादकांचे मंडळ स्थापन झाले आणि जहाजकंपन्यांशी भाड्याचा सौदा त्या मंडळाने सर्वांच्या वतीने केला. एकट्या मेंढपाळाला जे जमले नसते ते मंडळाला जमले. तेथे क्रांती झाली नव्हती. केवळ भाड्याची वाटाघाट सामुदायिक झाली होती. महाराष्ट्रातील रीफरच्या भाड्याची वाटाघाट आज कोण करतो?

१९५४ साली भंडारा मतदारसंघाने पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना लोकसभेत पाठविले होते, आणि त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांना पराभव पत्करावा लागला होता. मागास अर्थव्यवस्थेच्या अपरिहार्यता सांगणारे अशोक मेहता पुढे योजना आयोगात गेले. अपरिहार्यता भंडाऱ्यातच राहिल्या. त्या जिल्ह्यात आज पक्षाची शक्ती किती, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. शक्ती वाढवावयाची तर ती निर्यातीच्या परिसंवादांतून वाढणार नाही. नाकाडोंगरीपासून न्हावा-शेवा नऊशे किलोमीटरहून दूर आहे. तेथील वांग्याला समुद्राआधी तुमसर गाठायचे आहे.

म्हणून मागण्या तेथून मांडाव्या लागतील. तुमसर बाजार समितीच्या आवारात भाजीसाठी योग्य तापमानाची, सहकारी मालकीची छोटी शीतगृहे असावीत आणि त्यांचे वीजदर शेतीचे असावेत, कारखान्याचे नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या किसान रेलचे डबे अनुदान असेपर्यंत धावले. दगडासाठी बारमाही चालणाऱ्या मार्गावर नाशवंत मालाचा डबा बारमाही का चालू नये, याचे उत्तर रेल्वेने द्यावे. मॉयलच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून प्रवेशद्वारे आणि सभामंडप उभारण्याऐवजी बर्फाचा कारखाना उभारावा आणि तो धिवरांच्या मत्स्यसंस्थांच्या ताब्यात द्यावा. जे निर्यात करतील त्यांच्यासाठी किमान हमीभावाचा लेखी करार कायद्याने बंधनकारक असावा, कंटेनरच्या तापमानाची नोंद उत्पादकास विनामूल्य मिळावी, आणि सरकारी आदेशाने निर्यात थांबली तर बंदरावर अडकलेल्या मालाची भरपाई त्याच सरकारने करावी.

यांतील बर्फाची मागणी सर्वांत लहान आहे आणि सर्वांत आधी लढविण्याजोगी आहे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाने बांधले, १९५१ नंतर ते सरकारकडे गेले आणि मासेमारीचा ठेका भरून धिवर त्यांत जाळे टाकतात. ठेक्याची रक्कम सरकार आगाऊ घेते. उन्हाळ्याच्या तोंडी तलाव उतरतात, मासळी एकदम निघते आणि व्यापारी भाव पाडतो. सहकारी संस्थेच्या दारात दोन टन बर्फ असेल तर तीच मासळी नागपूरला दुसऱ्या दिवशी, धिवराने सांगितलेल्या भावाने उतरू शकते. येत्या उन्हाळ्यापूर्वी तुमसर तालुक्यातील मत्स्यसंस्थांची बैठक बोलावून प्रत्येक तलावाची मासळी कोणत्या दिवशी, किती आणि कोणत्या भावाने गेली याची नोंद जमविली, तर जिल्हा परिषदेसमोर ठेवावयास कार्यकर्त्यांच्या हाती प्रथमच आकडे असतील.